मखमली पेटीतली कात्री

मित्रांनो, कापड कापायला जन्मलेली आणि अर्धं आयुष्य फिती कापत बसलेली एक जुनी कात्री तुमच्याशी बोलते आहे. मला घडवणाऱ्या लोहाराने माझी पाती कानाशी धरून उघडझाप केली आणि म्हणाला, "जाडंभरडं कापडही हिच्यापुढे टिकायचं नाही." पण मला विकत घेतलं ते गरीब बायकांना उद्योजक करायला निघालेल्या एका संस्थेने.

तिथल्या संचालिकाबाईंनी मला मखमली पेटीत निजवलं. नव्या वर्गाचं उद्घाटन असलं की मी बाहेर निघे. पाहुणे फीत कापत, फोटो निघे, की मी परत आत. मग बायका वर्तमानपत्रावर झबली आखत आणि लहान मुलांच्या बोथट कात्र्यांनी कापत. कापड वाया जाईल म्हणे. भिंतीवर 'मोठी स्वप्नं पाहा' असा फलक होता. त्याचं कापड मात्र चांगलं जाड होतं.

त्या वर्गात एक काकू होत्या. नवरा अंथरुणाला खिळलेला, घर त्यांच्या शिवणावर. समोरच्या दवाखान्याने त्यांना एप्रनचं काम देऊ केलं होतं, पण दोन दिवसांत नमुना दाखवला तरच. घरच्या कात्रीत ते जाड कापड नुसतं चावलं जाई.

"बाई, आजच्या दिवस ही कात्री द्या ना."

"अगं काकू, ती उद्घाटनाची आहे. तू आधी आत्मविश्वास वाढव."

"वाढलाय हो. त्यानं कापड कापत नाही."

दुसऱ्या दिवशी पुढच्या वर्गाचं उद्घाटन होतं. पेटीत पडून पडून मी गंजले होते. पाहुण्यांनी जोर लावला, तर फीत माझ्या पात्यांत दुमडून बसली. मागून एक बाई हळूच म्हणाली, "साहेब, दातानं तोडा." शेवटी त्यांनी ती हाताने ओढून काढली. संचालिकाबाईंनी मला रागाने कागदाच्या कपट्यांच्या टोपलीत भिरकावलं.

टोपली उचलायचं काम शिकणाऱ्या बायकांकडेच असे. काकूंनी मुद्दाम विचारलं, "बाई, हे टाकू ना?"

"टाक, टाक. डोळ्यांसमोर नको ते भंगार."

काकूंनी मला पिशवीत टाकलं आणि थेट धारवाल्याकडे नेलं. संध्याकाळी मी आयुष्यातलं पहिलं कापड कापलं. लोहार खोटं बोलला नव्हता. नमुना पसंत पडला.

पुढे काकूंच्या हाताखाली दोघी शिवू लागल्या, तेव्हा संस्थेला त्या एकदम आठवल्या आणि पुढच्या उद्घाटनाला बोलावणं आलं. मंचावर नवी कात्री, नवी मखमल. आता 'अगं'चं 'अहो' झालं होतं. "अहो काकू, संस्थेनं तुम्हाला काय दिलं, ते सांगा."

काकूंनी मला पिशवीतून बाहेर काढलं. "ही कात्री."

बाईंचा चेहरा खुलला. "पाहिलंत? आम्ही नेहमीच देतो."

"दिली नव्हतीत हो, टाकली होतीत. आता ही नवी कधी टाकताय? मागे बसलेल्या पोरी वाट बघतायत."

मित्रांनो, हत्यार जपायचं तर ते राबत्या हातात द्या. पेटीत आमची काळजी घेतली जात नाही, फक्त पुढच्या फोटोची वाट पाहिली जाते.