मर्वची ओंजळ

त्या शनिवारी बाबा आणि कोरली गॅरेजमध्ये बिअर करत होते आणि मी रिकाम्या बाटल्या धूत होते. दर महिन्याला असंच चालायचं. कोरली शेजारची, बाबांच्याच वयाची. बाबांनी डरवेंट नदीच्या खोऱ्यातल्या भट्टीवर चाळीस वर्षं हॉपची, म्हणजे बिअरला कडूपणा आणि वास देणारी, फुलं वाळवली आणि निवृत्त झाल्यावर तोच वास घरी आणला.

बाबा हॉपच्या पुड्यांवर जातींची नावं लिहीत नसत. फूल तळव्यांत चुरायचं, तळवे गरम होईपर्यंत चोळायचं आणि ओंजळ समोरच्याच्या नाकाशी धरायची.

"काय म्हणतंय?" त्यांनी कोरलीला विचारलं.

"माती. ओलं लाकूड."

"मग हे पुढच्या वेळी, काळ्या बिअरला. आणि हे?"

"पॅशनफ्रूट!"

"हे आजच्या फिक्या बिअरला. पण उकळताना नाही, वास उडून जाईल. पुढच्या शनिवारी, आंबत आली की."

"मर्व, म्हाताऱ्या, मला एकदा तरी चुकू दे की!"

दोघं हसले. मी बाटली इतक्या जोरात घासली की ब्रशची तार वाकली.

"ब्रॉनी, जेवायला काय गं?" बाबा म्हणाले. मला विचारायचं ते एवढंच.

ती ओंजळ आधी माझी होती. चौदाव्या वर्षी मैत्रिणींसमोर मी नाक मुरडलं, "शी, मांजर मुतल्यासारखा वास येतोय!" मैत्रिणी खिदळल्या, बाबाही हसले. त्यानंतर ओंजळ माझ्यापुढे आली नाही आणि मीही ती मागितली नाही. तेहतीस वर्षं.

मंगळवारी बाबा टोमॅटोच्या वाफ्यात कोसळले. शुक्रवारी त्यांना माती दिली.

शनिवारी कोरली फ्रीजरमधल्या दोन पुड्या घेऊन उभी राहिली. "आज हॉप पडायला हवेत गं."

मला वाटलं, आंबत्या बिअरचं अख्खं पिंप मोरीत ओतावं. बाबांची शेवटची बिअर हिच्या हातून पुरी व्हायला नको होती.

"टाक ना. नाक तुझं," मी म्हणाले.

"माझं कसलं नाक? तू पाठमोरी असलीस की तो आधी कानात सांगायचा, मग मी बोलायचे. यातली कुठली, मला कळत नाहीये." ती स्टुलावर बसली. "तुझंच कौतुक सांगायचा. म्हणे, पोरीनं चौदाव्या वर्षी मांजर ओळखलं. हॉपच्या त्या जातीत तो वास असतोच, पण भट्टीवरच्या माणसांनाही कळायला वर्षं लागतात."

"मग मला का नाही विचारलं कधी?"

"तुला किळस येते, असं वाटायचं त्याला."

मी पहिली पुडी फोडली, फूल चोळलं. ओलं लाकूड. हात पुसून दुसरं चोळलं. आधी पॅशनफ्रूट आलं आणि त्याच्या मागून, अगदी हळू, ते मांजर.

"हीच," मी म्हणाले आणि मूठभर फुलं पिंपात सोडली.

बाबांचा एप्रन खिळ्याला लटकत होता. तळवे अजून गरम होते. मी ओंजळ त्या एप्रनपुढे धरली.

"मांजराचा वास आला होता, बाबा. पण मला तो आवडला होता. तू ओंजळ कोरलीपुढे धरलीस की माझा जळफळाट व्हायचा. मला विचारायला हवं होतंस. मीही सांगायला हवं होतं."