कंदुरीची कलेजी

शिवानीने कॅनचं झाकण जरासं उचललं आणि नायट्रोजनची पांढरी वाफ तिच्या मनगटावरून खाली घरंगळली. आत अजून पुरेसा होता. तिने झाकण बसवून कॅन लिंबाच्या सावलीत सरकवला.

"म्हशी तिकडं बांधल्यात," चुलीपाशी बसलेली बायनाबाई म्हणाली. "हितं समदे बोकड खानारे."

बायका खळखळून हसल्या. असा कॅन गावात आणायचा तो फक्त गुरांच्या दवाखान्यातला सुंदरराव कंपाउंडर, गाई-म्हशी फळवायला वळूच्या वीर्याच्या कांड्या घेऊन. कॅन त्याच्याकडूनच मागून आणलेला होता. राधाकिशन आणि बायनाबाई हे नवरा-बायको पिराला बोकड कापून नवस फेडणार आहेत, या कंदुरीची खबरही त्यानेच दिली होती.

शिवानीही हसली, पण तिचं लक्ष पिराच्या ओट्याकडे होतं. तिथे दगडूभाई मुलाणी दगडावर सुरी घासत होता. शेजारी बोकड बांधलेला होता. काळाभोर, उस्मानाबादी, लांब कानांचा. तिला असाच हवा होता: घरी जन्मलेला, वय ठाऊक असलेला, आणि एकटा. शहरातल्या दुकानांतून तिने दोनदा नमुने नेले होते. दोन्ही वेळा एकाची कलेजी आणि दुसऱ्याचं हृदय एकाच पिशवीत आलं होतं आणि मोजणी वाया गेली होती. परदेशातून मागवलेल्या तपासणीच्या काचपट्ट्यांपैकी आता पुण्याच्या प्रयोगशाळेत एकच उरली होती. ती वाया गेली तर दुसरी येणार नाही, पीएचडीचा विषय बदलावा लागेल, असं मार्गदर्शक सरांनी निघताना सांगितलं होतं.

बायनाबाई हात पुसत तिच्याजवळ येऊन टेकली.

"चौसाळ्याच्या वान्याची पोर तू. घरी म्हाईत हाय का, बोकडाच्या भेज्याला हात लावतीस त्ये?"

"पेशींवर काम करते, एवढं सांगितलंय."

"मंजी न्हाई म्हाईत."

शिवानीने पिशवीतून हातमोजे काढले आणि एकेक बोट सारत चढवले.

"बरं, येक सांग. भेजा, दिल, गुर्दा, कलेजी, समद्याचा वाटान्याएवडा तुकडा न्यायचा. बगतीस काय त्यात?"

"मावशी, बोकडाच्या अंगातला कुठलाही कण घेतला तरी त्यात सगळ्या बोकडाची माहिती असते. कलेजीत डोळ्याची, डोळ्यात कलेजीची. तरी कलेजीला डोळे फुटत नाहीत. कारण प्रत्येक ठिकाणी काही अगदी बारके रेणू असतात. आरएनए म्हणतात त्यांना. तिथे जी माहिती नको, तिला ते गप्प बसवतात. कलेजीत त्यांची एक जात ढिगाने असते, ती दिलात जवळजवळ नसतेच. दिलातली वेगळी, भेज्यातली वेगळी. कुठे कोण किती, ते मी मोजते."

"तोंड दाबनारे."

"तसंच म्हणा."

"आमच्या घरात त्ये काम माज्याकडं हाय."

बायका पुन्हा हसल्या. घोंगडीवर बसलेला राधाकिशन मात्र हसला नाही. दिवाळीत त्याला कावीळ धरली होती, तेव्हाच हा नवस बोलला होता. डोळ्यांतला पिवळेपणा आता उतरला होता, पण सदरा अंगावर दुसऱ्याचा असल्यासारखा लोंबत होता. बायनाबाईने त्याच्याकडे एकदा पाहिलं आणि आवाज उतरवला.

"ध्यानात हाय नव्हं? कलेजी आदी त्यांच्याम्होरं जाईल. आख्खी. त्यांचा हात लागल्यावर मंग तुजा तुकडा. कंदुरीतलं कायबी शीव वलांडत न्हाई, तुज्यापुरती सूट दिलीय."

"आहे ध्यानात."

"निर्मळ निगाली, तर पिरानं आयकलं. डाग निगाला तर..." तिने पदराचं टोक बोटाला गुंडाळलं. "माज्या बापाच्या येळेला डाग निगालता. त्यानं फुडचा आखाड बगितला न्हाई."

शिवानीने हातमोज्यांच्या कडा ओढून घट्ट केल्या. ती उठून ओट्याकडे गेली.

सुरी फिरली तेव्हा तिने नजर वळवली नाही. वळवायची नाही असं तिने स्वतःला शिकवलं होतं. जीव गेल्यावर ते रेणू झपाट्याने विरतात, ऊन तापलं की आणखीच. दगडूभाईने बोकड लिंबाच्या फांदीला टांगून सोलला, पोट उघडलं, आणि एकेक अवयव तिच्यापुढच्या पत्र्यावर येऊ लागला. गुर्दा. दिल. ती तुकडा कापी, चांदीच्या कागदात गुंडाळी आणि चिमट्याने कॅनमध्ये सोडी. आत चर्र आवाज होई. हात ठरल्याप्रमाणे चालत होते.

"ताई," दगडूभाई म्हणाला.

कलेजी त्याच्या तळहातावर होती. वरून गडद, गुळगुळीत, ओली. त्याने ती उलटी केली. खालच्या बाजूने पांढरट, टणक नळ्या दोरखंडासारख्या वर आल्या होत्या आणि कडेला राखाडी चट्टे होते. त्याने सुरीच्या टोकाने एक नळी दाबली. तिच्यातून पानासारखा चपटा जंत बाहेर आला.

गोदाकाठच्या पाणथळीत चरणाऱ्या शेळ्यांना हा जंत होतो. शिवानीने तो आजवर पुस्तकात पाहिला होता. तिला आधी आठवली ती काचपट्टी. आजारी कलेजीत त्या रेणूंचं सगळं प्रमाण बदलतं. या बोकडाचा एकही अवयव निरोगी म्हणून मोजता येणार नव्हता. कॅनमध्ये गेलेले तुकडेही नाहीत. हे लक्षात येईपर्यंत बायनाबाई पितळेचं ताट घेऊन निघालीसुद्धा होती.

"पिराच्या दारात मी खोटं बोलत न्हाई," दगडूभाई खालच्या आवाजात म्हणाला. "इचारलं तर सांगावं लागंल." आणि जंत त्याने पायाने मातीत सारला.

"झालं का, भाई?" बायनाबाईने येता येता विचारलं.

दगडूभाईने उत्तर द्यायच्या आत शिवानीने कलेजी दोन्ही हातांत घेतली. अजून गरम होती. तिने ती ताटात ठेवली, गुळगुळीत बाजू वर. एक कड किंचित दुमडून वर येत होती. ती तिने अंगठ्याने आत दाबली.

बायनाबाई ताट घेऊन घोंगडीपाशी गेली. चुलीजवळच्या बायका उठून उभ्या राहिल्या. शिवानी मागे गेली, तिला जाण्याची गरज नव्हती तरी.

"निर्मळ दिसती की," कोणीतरी म्हणालं.

राधाकिशनने हात पुढे केला आणि कलेजीवर ठेवला. रीत तेवढीच होती. पण त्याचा हात तिथे थांबला नाही. जन्म शेळ्यांमागे गेलेल्या माणसाची बोटं सवयीने कडेखाली शिरली. शिवानी त्याच्या मनगटाकडे पाहत राहिली. ते थोडं पुढे सरकलं, थांबलं, एका नळीच्या रेषेवरून मागे आलं आणि पुन्हा पुढे गेलं.

त्याने मान वर केली. कलेजीकडे किंवा शिवानीकडे त्याने पाहिलं नाही, बायनाबाईकडे पाहिलं. तिने ताट दोन्ही हातांनी धरलं होतं आणि तिची नजर त्याच्या तोंडावरून हलत नव्हती.

"निर्मळ हाय," तो म्हणाला.

बायनाबाईने डोळे मिटले. मग घाईघाईने वळून ओरडली, "तवा ठिवा गं! निवद भाजायचाय!"

"थांब." त्याचा हात अजून कलेजीवरच होता. "ही पोरीला दे. समदी."

"समदी? आन् निवद?"

"दिल हाय, गुर्दं हायेत. त्येचा कर."

"आवं, पर शीव वलांडून पुन्याला जाईल ही!"

"नवस माज्या नावाचा हाय का तुज्या? पिराला मी सांगतो." आवाज चढला नव्हता. "शिकनारी पोर हाय. तिचं तुकड्यात भागत न्हाई." आणि आता त्याने शिवानीकडे पाहिलं. "लागती न्हवं समदी?"

शिवानीने ताटाकडे पाहिलं.

"लागते," ती म्हणाली.

दगडूभाई तिकडे पाठ करून सुरी धूत होता. त्याला कोणी काही विचारलं नाही.

बायनाबाई स्वतःच ताट घेऊन कॅनपाशी आली आणि शिवानीच्या शेजारी बसली. चेहरा उजळला होता. "बगू तरी, कशी घालतीस त्ये."

कॅनचं तोंड वीतभरही नव्हतं. अख्खी कलेजी आत जाणार नव्हती. ती कापावी लागणार होती, आणि कापायची तर बायनाबाईसमोर उचलावी लागणार होती. शिवानीने सुरी हातात घेतली आणि ती तशीच धरून बसली.

"बायना," राधाकिशनने हाक मारली. तो घोंगडीवरून उठून, काठीच्या आधाराने त्यांच्यापर्यंत आला होता. "घसा वाळला. पानी आन."

"हंड्यात हाय की."

"आडाचं. ताजं."

"आता ह्या येळेला?" पण ती हसतच उठली, कळशी कमरेवर घेतली आणि बांधाच्या दिशेने चालू लागली.

राधाकिशन कॅनच्या अलीकडे, चुलीकडे पाठ करून उभा राहिला. शिवानीने कलेजी उलटी केली आणि पहिला काप घेतला. सुरी नळीला लागून करकरली.

"काका," ती मान खालीच ठेवून म्हणाली, "जनावराच्या कलेजीत जे निघतं, त्याचा माणसाशी काही..."

"हात चालव, पोरी," तो म्हणाला. "आड लांब न्हाई."