दोन इंच सैल

चंद्रावतीने आजवर पनवेलमधल्या निम्म्या बायकांची मापं घेतली असतील. छाती, कंबर, मुंढा, गळ्याची खोली. बाई दारातून आत आली की हिच्या डोळ्यांनी अर्धं माप घेतलेलंच असायचं, टेप आपली नावाला. अशा बाईला स्वतःसाठी एक साधी निकर निवडता येऊ नये, म्हणजे काय म्हणावं! पण खरंच येत नव्हती.

त्याचं असं झालं, की मुलीचा, मनस्वीचा, साखरपुडा रविवारवर आला होता. पळस्प्याला हॉल घेतला होता, जेवण सांगून झालं होतं, आणि पोरीच्या होणाऱ्या नणंदेने, इराने, थीम ठरवली होती. दोन्हीकडच्या बायकांनी ऑफ व्हाइट साड्या नेसायच्या. फोटो छान येतात म्हणे. बसायला सोफेसुद्धा पांढरेशुभ्र. आणि चंद्रावतीची पाळीची तारीख नेमकी शनिवारची!

आता एखादीला वाटेल, त्यात काय एवढं. वाटो बापडीला. चंद्रावतीचं पहिले तीन दिवस तासाला एक पॅड व्हायचं, कधी एकावर एक दोन. शिलाई मशिनच्या खुर्चीवर ती जुनी चादर चौपदरी करून बसायची. गेल्या दोन वर्षांत एका लग्नाला म्हणून ती धड बसली नव्हती. अक्षता पडल्या की पदर सावरत पळ घरी. भाच्याच्या हळदीला तर गेलीच नाही, डोकं दुखतंय म्हणून सांगितलं. पण पोटच्या पोरीच्या साखरपुड्याला काय डोकं दुखवणार? पाळी पुढे ढकलायची गोळी गेल्या गणपतीत घेऊन झाली होती. पुढच्या महिन्यात बारा दिवस अंगावरून गेलं, तेव्हा तिने कानाला खडा लावला.

"आई, पिरियड पॅन्टी घे ना," मनस्वी म्हणाली होती. "आत पदर असतात. शोषून घेते, बाहेर येऊ देत नाही. मी मागवते, तू फक्त कुठली ते सांग."

फक्त कुठली ते सांग! गेल्या रविवारच्या त्या संध्याकाळी मोबाइल मधे ठेवून मायलेकी बसल्या आणि चंद्रावतीच्या डोक्याचा भुगा झाला.

"हे बघ, मॉडरेट म्हणजे पंचवीस एमएल, हेवी चाळीस, सुपर हेवी साठ. तुझं किती?"

"माझं किती म्हणजे? कुणी मोजलंय?"

"अगं, अंदाजे. इथे लिहिलंय, चार टॅम्पॉनइतकं शोषते."

"टॅम्पॉन म्हणजे किती?"

"आई, ते माप नाहीये."

"मग मापाच्या रकान्यात कशाला लिहिलंय मेल्यांनी?"

पुढे प्रकार आले. बिकिनी, हिपस्टर, हाय वेस्ट, बॉयशॉर्ट. "बॉयशॉर्ट?" चंद्रावतीने चष्मा वर केला. "पाळी बायकांनाच येते ना अजून?" मनस्वी हसून हसून आडवी झाली. खाली बायकांनी लिहिलेले अनुभव होते, ते वाचून तर आणखीच पंचाईत. एक म्हणे दिवसभर कोरडी राहिले, दुसरी म्हणे दोन तासांत निकाल लागला, तिसरी कुठल्याशा किल्ल्यावर चढून आली होती. चंद्रावतीला किल्ला चढायचा नव्हता. तिला तीन तास एका सोफ्यावर बसायचं होतं, आणि त्याबद्दल कुणी अवाक्षर लिहिलं नव्हतं.

"बरं, राहू दे. हिपचं माप सांग."

हे मात्र तिच्या हातचं होतं. तिने टेप फिरवली. बेचाळीस भरलं. आणि तोंडातून गेलं, "चव्वेचाळीस."

यात खोटं बोलायचा तिचा काही विचार नव्हता हो. बावीस वर्षांची सवय ती. अंगाचं बेचाळीस म्हणजे कपड्याचं चव्वेचाळीस, दोन इंच सैल. बाईला श्वास घ्यायला जागा नको? चार घास जास्त जेवली तर?

पार्सल गुरुवारी दुपारी आलं. काळी, जाडसर, हाय वेस्ट, सुपर हेवी. चंद्रावतीने घालून पाहिली आणि चेहरा पडला. मांडीशी बोट जाईल एवढी फट. सोबतच्या कागदावर ठळक अक्षरांत छापलं होतं, अंगाला घट्ट बसली पाहिजे, नाहीतर कडेने गळते. त्याखाली आणखी ठळक, आतले कपडे परत घेतले जात नाहीत. मनस्वी खारघरला ऑफिसात. दुसरी मागवायची तर सोमवारच्या आत येणार नाही.

क्षणभर तिला रडूच आलं. मग ती स्वतःवरच चिडली. अगं, तू शिलाईवाली ना? लोकांचे आयते ड्रेस आत घेऊन देतेस, आणि स्वतःची निकर घेऊन रडत बसतेस? बसली मशिनवर. मागच्या बाजूला वरपासून खालपर्यंत दोन टिपा मारल्या, सरळसोट, रेशमी दोऱ्याने. घालून पाहिली, तर अशी बसली की जणू अंगावरच शिवली. चंद्रावती खूश झाली. संध्याकाळी भाजीला फोडणी देताना चक्क गुणगुणत होती.

पण मन शांत बसेल तर ना! शुक्रवारी दुपारी गिऱ्हाईक नव्हतं, तेव्हा तिच्या डोक्यात आलं, साठ एमएल म्हणजे नक्की किती ते एकदा बघावं. तिने खोकल्याच्या औषधाचं झाकण आणलं. त्यावर आकडे असतात, पाच, दहा, पंधरा. कटिंगच्या टेबलावर खाकी कागद पसरला, त्यावर निकर ठेवली आणि झाकणाने पाणी घालू लागली. एक झाकण. दोन झाकणं.

"काय करतंस गो?" दारात ठमाबाई उभ्या. चंद्रावतीच्या सासूबाई, वय पंच्याहत्तर, कान तिखट आणि डोळे त्याहून तिखट. "निकरेला औषध पाजतंस काय?"

"आये, तुमी जावा बघू. माप घेतेय."

"बावीस वरसं मापं घेतंस, आसं माप नाय बघितलं." आणि जायचं सोडून त्या स्टुलावर ऐसपैस बसल्या.

तिसऱ्या झाकणाला चंद्रावतीने निकर उचलली. खाली कागदावर दोन सरळ रेषा उमटल्या होत्या. नीट पाहिलं, तर रेषा नव्हे, थेंब. टाक्याला टाका तसा थेंबाला थेंब. सुई जिथे जिथे शिरली होती, तिथे तिथे पाणी बाहेर आलं होतं. पाणी अडवणारा म्हणून जो पदर होता, त्याचीच तिने आपल्या हाताने चाळण केली होती.

तिने कपाळाला हात लावला. शिलाई न येणाऱ्या बाईच्या हातून हे कधी झालं नसतं.

संध्याकाळी मनस्वी आली, तेव्हा आई टेबलाशी बसलेली आणि समोर ते लक्तर. सगळी हकीकत ऐकून पोरगी आधी हसली, मग आईचा चेहरा बघून थांबली.

"मी नाही बसत सोफ्यावर," चंद्रावती म्हणाली. "मागे उभी राहीन. कुणी विचारलं तर सांगेन, जेवणाकडे बघतेय."

"काहीतरीच काय! तू नसशील बसलेली तर मी पण नाही बसणार. थांब जरा." मनस्वी आत गेली आणि कपाटातून कापडी पिशवी घेऊन आली. "माझ्यातली घाल. धुतलेल्या आहेत. हीच कंपनी, सुपर हेवी. आणि साइझ तुला येणारच, हिप तुझंच आलंय मला."

चंद्रावतीने पिशवी उलटी केली. एक, दोन, तीन... आठ.

"आठ?"

"पहिले दोन दिवस दिवसाला तीन लागतात ना. आणि वर पॅड. ऑफिसात मी काळ्या पॅन्टशिवाय काही घालतच नाही, तुला माहितीये."

तिला माहीत नव्हतं. तिला वाटत होतं पोरीला काळा रंग आवडतो. गेल्या दिवाळीला तिने पोपटी ड्रेस शिवला होता, तो पोरीने एकदाच घातला, म्हणून ती दोन दिवस रुसलीसुद्धा होती.

"कधीपासून एवढं?"

"दहावीपासून. तेव्हा पॅडच होते."

"मग मला का नाही सांगितलंस?"

"सांगितलं होतं की." मनस्वी सहज म्हणाली, तक्रार अशी नव्हतीच त्यात. "शाळेत चक्कर आली होती बघ. तू म्हणालीस, आपल्या घरातल्या बायकांचं असंच असतं, गूळ-शेंगदाणे खा."

चंद्रावतीला आठवलं. लग्नसराई होती, कुणाचंसं ब्लाउज हातात होतं. मशिनच्या पायडलवरचा पायसुद्धा तिने काढला नव्हता. पोरीकडे मान वळवून बघितलं तरी होतं का? आणि हे वाक्य तरी तिचं कुठे होतं? आपट्याला, माहेरी, तिच्या आईने, कमळाबाईने, तिला हेच सांगितलं होतं. कमळाबाई पांढरीफटक असायची. नदीवरून धुण्याची बादली घेऊन येताना तीनदा खाली टेकायची. सगळे म्हणायचे, नाजूक आहे.

"आमच्यात असंच असतं ना पण," चंद्रावती म्हणाली. म्हणताना तिचं तिलाच कळेना की ती कुणाला विचारतेय.

"आमच्यात नाय बा," ठमाबाई कोपऱ्यातून म्हणाल्या. "मना चार दिस दोन-दोन फडकी पुरायची. माज्या नणंदांना पन तसंच. मी म्हनलं, तुमच्या आपट्याकडं आसंच आसंल. सुनंच्या माहेरचं कशाला काढा?"

घ्या! एका घरात तीन बायका, आणि इतक्या वर्षांत कुणी कुणाला विचारलं नव्हतं. आठ काळ्या निकरा टेबलावर पसरलेल्या. साठच्या पुढे त्या मोबाइलवर आकडाच नव्हता, आणि तिची पोरगी दिवसाला तीन वापरून वर पॅड लावत होती. मग हिचं माप काय? आणि आपलं? दुनियेला दोन इंच सैल देणाऱ्या बाईने पोरीला हे एवढं घट्ट कसं शिवून दिलं? तिला पोरीला जवळ घ्यावंसं वाटलं, ओरडावंसं वाटलं, माफी मागावीशी वाटली, आणि यातलं आधी काय करावं ते सुचेना. शेवटी ती म्हणाली, "चहा टाकू?"

"टाक," मनस्वी म्हणाली. मग आईच्या खांद्यावर हनुवटी ठेवून बराच वेळ उभी राहिली.

पाळी शनिवारी रात्री आली. रविवारी चंद्रावतीने मरून रंगाची साडी नेसली. मनस्वीनेच कपाटातून काढून दिली. "थीम गेली उडत. इराला मी सांगते." इराने तोंड वाकडं केलं असेल, नसेल, बघायला वेळ कुणाला होता? चंद्रावती पांढऱ्या सोफ्यावर बसली, विहीणबाईंची ओटी भरली, होणाऱ्या जावयाला, निनादला, पेढा भरवला. दोन तासांनी तिने नुसतं पोरीकडे पाहिलं. मनस्वी उठली, लेहेंगा सावरत आईबरोबर हॉलच्या मागे गेली, आणि दुसरी निकर ठेवलेला पाउच आत देऊन बाथरूमच्या दाराला पाठ लावून उभी राहिली. तिकडे फोटोग्राफर नवरीला शोधत होता, इकडे नवरी म्हणत होती, "आई, सावकाश. घाई करू नकोस."

सोफ्यावर डाग पडला नाही. एवढ्यावर एरवी चंद्रावतीने देवापुढे साखर ठेवली असती आणि विषय मिटवला असता. पण आत, त्या अरुंद बाथरूममध्ये, बाहेरून पोरीचा आवाज ऐकताना तिच्या मनात आलं होतं, उद्या हिची पोरगी हिच्यासाठी अशीच दाराशी उभी राहील, आणि ही तिला सांगेल, आपल्यात असंच असतं.

सोमवारी सकाळी दुकान उघडलं नाही. दवाखान्याच्या बाकावर दोघी शेजारी बसल्या होत्या, दोघींनी काळंच घातलं होतं. चंद्रावतीने रात्री मापाच्या वहीत दोन पानं लिहून आणली होती. तासाला किती, दिवस किती, चक्कर कधी. एकाही आकड्यात तिने दोन मिळवले नव्हते की वजा केले नव्हते.

काउंटरवरच्या मुलीने मान वर केली. "पेशंट कोण?"

"ही," चंद्रावती म्हणाली.

"ही," मनस्वीही त्याच वेळी म्हणाली.

दोघींची बोटं एकमेकींकडे. काउंटरवरची मुलगी गोंधळून दोघींकडे आळीपाळीने बघत राहिली.

"दोन केसपेपर काढा," चंद्रावती म्हणाली, आणि पिशवीतून वही काढली.