श्वास पिणारं भूत

सिंधूकाठी वैदू नोर्फेलच्या अंगणात, जर्दाळूच्या झाडाखाली, मुंगीला शिरायला जागा नव्हती. वरच्या उंच चांगथांग पठारावरचे सगळे मेंढपाळ उपचारासाठी खाली लोटले होते. नोर्फेलनं म्हाताऱ्या ल्हादोलला हाताला धरून चौथऱ्यावर उभं केलं.

"आमा-ले, ही समोरची कोण?"

"कोण म्हणजे? माझी लेक, कुन्झेस. डोकं फिरलंय का तुझं?"

लोक हसले, हात जोडले गेले.

"पाहा!" नोर्फेल गरजला. "श्वास पिणारं भूत हिच्या छातीवर बसलं होतं. माझ्या काळ्या गोळीनं शेपूट घालून पळालं! आता खुशाल वर न्या. गोळ्यांची थैली उशाशी ठेवा, भुताच्या बापाची छाती होणार नाही जवळ यायची!"

कुन्झेसला मात्र वरचे दिवस आठवत होते. वर चराईच्या तंबूत आमाचे, तिच्या आईचे, ओठ जांभळे पडायचे. पोटच्या लेकीला ती "कुणाची गं तू?" विचारायची. झोपेत तिचा श्वास मधेच थांबायचा आणि कुन्झेस नाकाशी बोटं धरून बसायची. येतोय की गेला? ती भीती वैऱ्यालाही नको. त्या भीतीपायीच तिनं नोर्फेलचं ऐकून डॉक्टर यांगदोलबाईंच्या गोळ्या चुलीत टाकल्या होत्या. आता पुन्हा तिथंच जायचं?

"वर नेऊ नकोस तिला!" गर्दीतून वाट काढत यांगदोलबाईच पुढे आल्या.

"तुमच्या गोळ्यांनी काय दिवे लावले, बाई?" नोर्फेल खिजवत म्हणाला. "माझ्या गोळीचा गुण समोर उभा आहे!"

"तुझी गोळी?" आमा मधेच फिसकारली. तिनं झग्याच्या घडीतून पुडी काढून उलटी केली. "कडूजहर मेली! लेक रडेल म्हणून गालात धरायचे नि मागून पुडीत थुंकायचे."

ओल्या, चिकट काळ्या गोळ्या चौथऱ्यावर पडल्या. मागचे लोक पाहायला पुढे रेटले.

"मग भूत गेलं कसं?" कुन्झेसनं विचारलं.

"भूत नव्हतंच, बाळ," यांगदोलबाई म्हणाल्या. "वर हवा विरळ. म्हाताऱ्या मेंदूला प्राणवायू कमी पडला की माणूस भरकटतो, झोपेत श्वास अडखळतो. माझी गोळी त्या श्वासाला टेकू देते, पण खरा उपाय खाली उतरणं. हा नोर्फेल बहुतेकांना इथं खाली आणून ठेवतो. गुण उताराचा आणि नाव गोळीचं!"

मागून आंगमो नावाची विधवा नोर्फेलसमोर आली. "माझ्या म्हाताऱ्याला जीपमध्ये बसवेना. तू म्हणालास, वरच राहू दे, गोळी पुरे. मी भरवत राहिले रे. तो गेला."

"श्रद्धा कमी पडली तुझी," नोर्फेल पुटपुटला.

कुन्झेसनं आईला आपल्या पाठीमागे घेतलं. ती घाबरलेलीच होती, तरी नोर्फेलला म्हणाली, "तुझी गोळी घेऊन वरच राहिला आणि बरा झाला, असा एक दाखव. एकच."

नोर्फेलनं गर्दीवरून नजर फिरवली. कुणीही हात वर केला नाही.

बाबांनो, जीवाभावाच्या माणसासाठी घाबरणं हे काही पाप नाही. पण घाबरलेले असाल तेव्हाच हा प्रश्न विचारा: निव्वळ या गोळीनं बरा झालेला एक तरी कुठं आहे? आंगमोला तो सुचायला उशीर झाला. तुम्हाला होऊ नये.