पहिली दहा पानं

तिसगावच्या खाजाभाई पिंजाऱ्यांनी उभ्या आयुष्यात कुणाचं फारसं ऐकलं नाही. बायकोचं तर नाहीच नाही. ऐकलं ते मोबाईलमधल्या एका बाईंचं, आणि तेही नको तिथे.

त्या बाई म्हणजे संगमनेरच्या रेश्माताई. त्यांचं दोन खोल्यांचं छोटं प्रकाशन होतं आणि दर शुक्रवारी त्यांचा पॉडकास्ट यायचा. कुणातरी लेखकाला बोलतं करायचं आणि शेवटी नवख्यांना एक कानमंत्र द्यायचा. गादीला दाभण घालता घालता खाजाभाई ते ऐकत. ऐकून ऐकून त्यांना वाटू लागलं, चाळीस वर्षं गावोगाव लोकांच्या गाद्या भरल्या, कुणाच्या गादीत काय काय सापडलं ते आपणही लिहावं. दोनशेपानी वही आणली. पण कोऱ्या पानापुढे हात चालेना. मग बायकोला, मुबारकबीला म्हणाले, "तूच कर सुरुवात. तुजं अक्षर बरं हाय."

ती सातवी शिकलेली. दुपारी ओट्यावर बसून लिहायची. "वाचून दाखवू का?" असं तिनं दोनदा विचारलं. "घरातच हाय की वही, घाई काय?" असं हे दोनदा म्हणाले. मग तिचं पोट दुखायला लागलं, नगरच्या दवाखान्याच्या खेपा सुरू झाल्या आणि चार महिन्यांत ती गेली.

वर्षभरानं वही हातात घेतली, तर तिच्या अक्षराकडे बघवेना. तिची पानं एकगठ्ठा उलटून त्यांनी पुढे आपलं लिहायला घेतलं. वही भरत आली त्याच सुमारास रेश्माताईंचा कानमंत्र आला. "पहिली दहा पानं बेधडक फाडून टाका. तिथे लेखक नुसता घसा खाकरत असतो. खरं पुस्तक अकराव्या पानावर सुरू होतं."

असली वाक्यं ऐकायची आणि सोडून द्यायची असतात, हे शिकल्यासवरल्यांना कळतं. खाजाभाईंनी बोट ओलं करून पानं मोजली. दहा भरली. तिची तेवढीच, असं त्यांना वाटलं. जीव तुटत होता, पण जाणत्या माणसाचा शब्द कसा मोडायचा? नुसती फाडून ठेवली तर मन पालटेल आणि परत शिवून टाकू, आपला हात शिवणाराच, या भीतीनं त्यांनी ती लगोलग अंघोळीच्या बंबात घातली.

पाणी तापेतो वही उघडली. अकराव्या पानावर, अगदी वर, मुबारकबीच्या अक्षरात एकच ओळ उरली होती.

"म्हणून ते मी ह्यांना कधी सांगितलं नाही."

खाजाभाई बंबाकडे धावले. खाली राख होती आणि पाणी कढत झालं होतं.

टपालानं पाठवलेली वही रेश्माताईंना आवडली. छपाईआधी तपासायला पानं आली. सगळं जिथल्या तिथे होतं, फक्त ती ओळ नव्हती. मुलाखतीला बोलावणं आलं तेव्हा खाजाभाई संगमनेरला गेले ते तेवढ्या एका ओळीसाठी.

आवाज घुमू नये म्हणून खोलीच्या भिंतींना गोधड्या आणि गाद्या लटकवल्या होत्या. "कापसाच्या गुठळ्या झाल्यात, ताई. पिंजून देतो," खाजाभाई म्हणाले. रेश्माताई हसल्या, माईक पुढे सरकवला.

"ताई, सुरू करायच्या आदी एक सांगू? पयली वळ राहिली."

"ती 'म्हणून'वाली? मीच काढली, चाचा. आधीचं काही नाही, वाचणाऱ्याला काय कळणार?"

"आदीचं हुतं."

"मग द्या ना! अजून छपाईला गेलं नाही."

"फाडलं."

"अहो, का?"

दुसऱ्याच्या घरात बसून त्यालाच बोल लावायचा, हे खाजाभाईंच्या रीतीत बसत नव्हतं. एवढंच म्हणाले, "धाच पानं हुती. मंडळीनं लिवलेली."

रेश्माताईंचा चेहरा उतरला. त्यांनी माईक बंद केला. "काय होतं त्यांत?" असं हळूच विचारलं.

"कुनाला ठावं? वाचलंच न्हाई कवा. तिनं दोनदा इचारलं हुतं, ताई."

रेश्माताईंनी पदर डोळ्यांना लावला. त्या दिवशी मुलाखत झालीच नाही. पुढच्या शुक्रवारी कानमंत्रही आला नाही.

दोन महिन्यांनी पुस्तकाचं पार्सल आलं. गल्लीतल्या लोकांनी हार घातला, पेढे वाटले. सगळे गेल्यावर खाजाभाई ओट्यावर तिच्या जागी बसले. पहिल्या पानावर ती एकच ओळ होती, खाली मुबारकबीचं नाव होतं आणि बाकी पान कोरं होतं. त्यांनी ओळीवरून बोट फिरवलं. छापील अक्षर ते, बोटाला काहीच लागलं नाही.

"काय गं सांगितलं न्हाईस?" त्यांनी विचारलं. "वाच की. आता ऐकतो."