मागितला म्हणून दिलेला खोका

मी एक जुना खोका आहे, मित्रांनो. दिसायला काही खास नाही. बिस्किटांचे डबे घेऊन जहाजातून प्रशांत महासागरातल्या तारावा बेटावर आलो, रिकामा झालो आणि किनाऱ्यावर पालथा पडलो. माडाचा रस काढणाऱ्या तेकेउआने मला उचलले, माझे खिळे पक्के केले आणि तळव्याने एक थाप मारली.

"अरे वा, हा तर बोलतो!" तो म्हणाला.

तेव्हापासून गावच्या सभाघरात नाच असला की माणसे मला घेरून बसत आणि बडव बडव बडवत. मार खाऊन का होईना, माझे कौतुक झाले.

मग तेकेउआला कंपवात झाला. माडाच्या शेंड्यावर बसून गाणारा हा माणूस, पण आता अंगणात त्याचे पाय थिजत. मनात कितीही असले तरी पाऊल उठेना. एकदा त्याची मुलगी रेरेया वैतागून माझ्यावर ताल धरून बसली होती, आणि म्हातारा चक्क चालू लागला! दवाखान्यातल्या नर्सबाई म्हणाल्या, "मेंदूची नेहमीची वाट अडते ना, तेव्हा तालामुळे कधी कधी दुसरी सापडते." मग रोज सकाळी रेरेया मला वाजवी आणि तो गुणगुणत पाण्यापर्यंत जाई.

"बघ, मला कुणी उचलून न्यायला नको," तो म्हणे. किती सुखात होतो आम्ही!

आणि उगवला ब्वेरे, तेकेउआचा चुलतभाऊ. भाजलेला नीरफणस पोटभर खाल्ला, हात पुसले आणि म्हणाला, "दादा, एक मागणं आहे. नाचाच्या स्पर्धेसाठी खोका दे. आणि रेरेयालाही पाठव, तिच्यासारखा हात नाही गावात."

आमच्याकडे नातलगाने मागणे घातले की नाही म्हणत नाहीत. म्हणणाऱ्याची जन्मभर छी थू होते.

"काका, मग बाबा चालणार कसे?" रेरेयाने विचारले.

"तू गप्प बस," तेकेउआच ओरडला. "ने रे. लाकूडच ते, त्याचं काय एवढं!" आणि त्याने मला पुढे ढकलले.

मला सांगा, ताल धरायला घरात बादली नव्हती? शेजाऱ्यांना टाळ्या वाजवता येत नव्हत्या? पण सगळे सभाघरात तालमीला. "बाबा दिवसभर चटईवर पडून असतात," रेरेया माझ्यावर डोके टेकून रडायची. ब्वेरे म्हणायचा, "स्पर्धा होऊ दे गं, मग बघू."

स्पर्धेच्या दिवशी तेकेउआला उचलून आणले आणि खांबाला टेकवून बसवले. वडीलधारे बसलेले असताना सभाघरातून ताठ चालायचे नाही, वाकून जायचे, हे आमच्याकडे तान्ह्या पोरालाही ठाऊक. ताल चढला. तेकेउआ उठला आणि नाचणाऱ्यांमधून सरळ माझ्याकडे चालत आला. चेहरा असा फुलला होता, काय सांगू!

"अरे, बसवा त्या थेरड्याला! प्यायलाय की काय?" बघणाऱ्यांतून कुणी ओरडले.

"मोठ्यांसमोर ताठ चालतो, लाज नाही?"

रेरेया दचकली. तिचे हात थांबले. आणि भर सभाघरात तो थिजला. तिने पुन्हा थाप मारायला हात उचलला, तर ब्वेरेने तिचे मनगट धरले. "नंबर जाईल आपला!" दोघांनी तेकेउआला फरफटत बाहेर नेले. कुणाच्याही मनात आले नाही की अरे, हा माणूस तर चालला!

आमचा नंबर आला. मेल्यांनी माझ्या गळ्यात हार घातला, खोक्याला गळा असल्यासारखा! आता मी ब्वेरेच्या घरी मानाने बसलो आहे.

परवा रेरेया आली होती. "घरी गेल्यावर मी टाळ्या वाजवल्या," तिने ब्वेरेला सांगितले. "बाबा म्हणाले, थांब, लोक ऐकतील. पाय हलत होते त्यांचे. त्यांनी दोन्ही हातांनी दाबून धरले."

मित्रांनो, मला पुसू नका, रंगवू नका, माझी काळजी करू नका. मी लाकूड आहे. तुमच्या घरात कुणाचे पाऊल अडले असेल, तर उठा आणि त्याच्यासाठी टाळी वाजवा. लोकांना ऐकू गेली तरी वाजवा.