माझ्या काचेवरचा जरीचा ओरखडा

मित्रांनो, तुम्ही कॅमेऱ्याचं कौतुक करता. मी त्याच्या तोंडाशी बसणारी झूम लेन्स, बरीच वापरलेली. लिंबायतच्या काशिनाथ फोटोग्राफरकडे मी लग्नं टिपली. अख्खा मांडव माझ्यात मावे आणि नवरीच्या डोळ्यांतलं पाणीही. हळदीची बोटं लागत, पण तो मला जपायचा. पुढे त्याची नजर मंदावली आणि मी कतारगामला चेतनभाईंच्या जुन्या कॅमेऱ्यांच्या दुकानात येऊन पडले. बंद कपाटात, दमट हवेत, काचेला बुरशी धरेल या धास्तीने जीव खालीवर व्हायचा.

एके दिवशी गोडादऱ्याची छाया आली. कडेवर तान्ही किरण, सोबत नवरा सागर. छायाला घरबसल्या साड्यांचे फोटो काढायचं काम मिळालं होतं. पहिले फोटो व्यापाऱ्याला पटले तरच पुढचं. तिच्याकडे फुल-फ्रेम मिररलेस कॅमेरा होता, लेन्स मात्र एकच घेता येणार होती. सागरचा डोळा लांबचं जवळ ओढणाऱ्या नव्या लेन्सवर. छायाला घोर वेगळाच. खोली एवढीशी, खिडकी एक, आणि मोठे दिवे लावले की पोर दचकून उठतं. कमी उजेडात भागवणारी हवी, म्हणून ती मलाच उलटसुलट करून बघत होती.

सागर साड्यांच्या पॅकिंगला. कापडावरची धूळ खिशातल्या चिंधीने झटकायची, ही त्या कामातली सवय. तसंच त्याने मला पुसलं. चिंधी जरीची निघाली. काचेवर बारीक ओरखडा उठला. चेतनभाई फोनवर होते.

"ठेवी दे नी चाल," सागर कुजबुजला.

छाया हलली नाही. "आणि पुढच्याने घेतली म्हणजे?"

तिने चेतनभाईंना सांगून टाकलं. फोन ठेवून ते म्हणाले, "बेन, दारात फोटो काढून बघा. मग ठरवा."

साडीचा खरा रंग दारातच पारखतात, तसं तिने मला आपल्या कॅमेऱ्यावर चढवून दारात नेलं. उन्हाकडे तोंड केलं तर फोटोवर धुरकट पट्टा. पाठ केली, आणि सागरच्या हातातल्या चिंधीतली जरीची तार न् तार उमटली. तिने फोटो मोठा करून पाहिला, पुन्हा पाहिला.

"खिडकीकडे पाठ करून उभी राहीन," ती म्हणाली. "हीच द्या."

पहिले फोटो पटले, साड्यांचं दुसरं गाठोडंही आलं. तरी प्रत्येक फोटोआधी ती माझी काच तपासतेच, आणि मीही श्वास रोखते. मित्रांनो, आधी धूळ उडवा, मगच मऊ कापड लावा. आणि ओरखडा पडलाच, तर मला गुपचूप कपाटात सरकवू नका. उजेडात न्या, अजून काय काय दिसतं ते बघा.